ज्या दुपारी भोंगा वाजला नाही

मी एक जुना भोंगा आहे आणि मला बोलण्याची भीती वाटते. भोंग्याने असे म्हणावे याचे तुम्हाला हसू येईल. माझा आवाज एकदा चढला की मैलोन्‌मैल जातो, कुत्री माना वर करून रडू लागतात, पाळण्यातली बाळे दचकतात. पण मित्रांनो, मोठा आवाज असणे वेगळे आणि काय बोलावे हे कळणे वेगळे. मला आयुष्यभर फक्त दोनच शब्द आले. ते वेळेवर निघतील का, ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ बरोबर लागेल का, ही काळजी मला पहिल्या दिवसापासून लागली. आज अंगावरचा लाल रंग उडून गंज चढला, तरी ती सुटलेली नाही.

मी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर थेल्मा नावाच्या गावात राहतो. रेल्वेच्या एका साहेबाने नकाशावर पट्टी ठेवून गावांच्या जागा ठरवल्या, तेव्हा या जागेला त्याने आपल्या मुलीचे नाव दिले. ती मुलगी गाव बघायला कधी आली नाही. आले ते युरोपातल्या बोहेमियातले शेतकरी, आणि त्यांच्या मागोमाग नॉर्वेची काही कुटुंबे. तेव्हा गवत इतके उंच होते की हरवलेली गाय शोधायला घोड्याच्या पाठीवर उभे राहावे लागे, असे म्हातारे सांगत. टोळधाड आली तेव्हा टोळांनी पीक तर खाल्लेच, पण घामाने खारट झालेले फावड्यांचे दांडेसुद्धा कुरतडले. हे सगळे माझ्या आधीचे आहे. मी ऐकलेले सांगतो. त्यात किती खरे आणि किती वाढवलेले, याची हमी मी देऊ शकत नाही.

गावात आधी शाळेवर एक घंटा होती. माळावरच्या वाऱ्यात तिचा आवाज शेतांपर्यंत पोहोचत नसे. एका हिवाळ्यात मुख्य रस्त्यावरची दुकानांची अख्खी रांग जळाली आणि शेतावरच्या माणसांना ते धूर दिसल्यावर कळले. तेव्हा गावातल्या बायकांनी ठरवले की आता भोंगा आणायचा. नाचघरात दर शनिवारी पोल्काचा नाच असे. तिथे त्या कोलाच करून विकू लागल्या. कोलाच म्हणजे मधोमध खसखस नाहीतर आलुबुखार भरलेले मऊ, गोड पाव. मी त्या पावांमधून उभा राहिलो आहे. हे मला कोणी विसरू दिले नाही. माझा आवाज घोगरा आला की लोक म्हणत, घशात खसखस अडकली असेल.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात एक मोटर, मोटरीवर पात्यांचे एक चाक, आणि त्याभोवती खाचा पाडलेले लोखंडी पिंप, एवढाच मी. चाक फिरले की हवा त्या खाचांतून कापली जाते आणि आवाज होतो. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा माझ्याच आवाजाने मी दचकलो. तपासणाऱ्या कामगाराने कानांतले बोळे काढले, समाधानाने मान हलवली आणि मला खोक्यात बंद केले. मला मात्र वाटत राहिले की काहीतरी चुकले असावे.

थेल्मात मला रेल्वे स्टेशनाशेजारी, गावाच्या नैर्ऋत्य टोकाला, एका उंच खांबावर बसवले. खांबाच्या बाजूलाच पोस्टाची इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर टेलिफोनची खोली होती आणि माझे बटण त्या खोलीत होते. दुपारी बारा वाजता एक लांब, सरळ सूर. त्याचा अर्थ, जेवायला या. चढता, उतरता, पुन्हा चढता सूर. त्याचा अर्थ, आग लागली आहे. हेच माझे दोन शब्द.

मी आलो तेव्हा धुळीची वर्षे चालू होती. एका दुपारी इतकी धूळ आली की घराघरांत दिवे लावले गेले. माझ्या खाचांत माती भरली होती, तरी मी बाराला कसाबसा वाजलो. दुसऱ्या दिवशी पोस्टात कोणीतरी म्हणाले, सूर्याला कळलं नाही, पण आपल्या भोंग्याला दुपार कळली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मी ती फार दिवस पुरवून वापरली.

हळूहळू सारे गाव माझ्यावर चालू लागले. चुलीवरचे बटाटे माझ्या सुरावर उतरत. धान्याच्या कोठारावरची माणसे माझ्या सुरावर टोप्या घालून घरी निघत. शाळेतले ब्रेक्के मास्तर तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतही नसत. मुले जेवायला घरी जात आणि मधल्या सुट्टीची खरी मुखत्यारी माझ्याकडे होती. कोणी चुळबुळ केली की मास्तर म्हणत, घड्याळ चुकतं, भोंगा वाजेपर्यंत कोणी उठायचं नाही. मी चुकलो तर या माणसाचे काय होईल, असे मला वाटे.

दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे झाली, तेव्हा टेलिफोनच्या खोलीत व्लास्ता वोदेनाल नावाची मुलगी कामाला लागली. उंच, हाडकुळी, बोलताना नाक पुसण्याची सवय असलेली. गावातला प्रत्येक फोन तिच्या हातातून जाई. समोरच्या फळ्यावर वायरी खोचून ती माणसाला माणूस जोडून देई, आणि बारा वाजले की माझे बटण दाबी. खिडकी उघडी असली तर मला तिचे सगळे बोलणे ऐकू येत असे.

तिचा भाऊ लुमीर गावाच्या उत्तरेला राहून शेती करी. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. वडिलांचे होते ते धुळीच्या वर्षांत बंद पडले होते आणि नवे घ्यायची त्याला गरज वाटत नव्हती. माझं घड्याळ स्टेशनाजवळ खांबावर टांगलंय, असे तो म्हणे. गावात आला की खिडकीखाली उभा राहून बहिणीला चिडवी.

"व्लास्ता, तू एखाद्या दिवशी डुलकी काढलीस ना, तर मी नांगराच्या मागे उपाशी मरेन. वर तू माझ्या मयताला कोलाच आणशील, तेही करपलेले."

"तुझ्या मयताला कोण येणार आहे? विकतचे आणीन," ती म्हणे आणि खिडकी लावून घेई.

आता मला गावाच्या एका चुकीबद्दल सांगितले पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एका उन्हाळ्यात मोठे वादळ आले. गाराही येणार हे दिसत होते. गावाच्या अध्यक्षांनी फोन करून सांगितले की भोंगा दे, लोकांना सावध कर. व्लास्ताने आगीचा सूर दिला, कारण दुसरा कोणता देणार? मग काय झाले? सारे गाव घराबाहेर आले. आग विझवणारे आपला बंब घेऊन रस्त्यावर आले. बायका बादल्या घेऊन आल्या. माणसे छपरांवर चढून धूर कुठे दिसतो ते शोधू लागली. आणि अशा वेळी अंड्याएवढ्या गारा पडू लागल्या. कोणी दगावले नाही, पण महिनाभर निम्म्या गावाच्या डोक्याला पट्ट्या होत्या. शेजारच्या बार्लो गावात यावर एक विनोद चालू झाला की थेल्मात पाऊस आला की लोक तो विझवायला धावतात.

त्यानंतर गावाने सभा घेतली. वादळासाठी तिसरा सूर ठरवावा असे सर्वांचे मत पडले. कोणता, ते पुढच्या सभेत ठरणार होते. पुढची सभा पेरणीमुळे लांबली. मग कापणीमुळे लांबली. मी खांबावर बसून वाट बघत होतो. मला त्या तिसऱ्या शब्दाची फार निकड वाटत होती. पण मला कोण विचारणार?

पुढच्या वसंतातला तो दिवस. सकाळपासून हवा चिकट होती आणि पक्षी माझ्यावर पावसासाठी बसवलेल्या पत्र्याच्या छत्रीखालून उडून गेले होते. चिमण्या मला सोडून जातात तेव्हा मला नेहमी काळजी वाटते. नैर्ऋत्येला, माझ्या पाठीमागे, आकाश आधी पिवळे आणि मग जुन्या जखमेसारखे हिरवे-काळे झाले. गावातून ते नीट दिसत नव्हते, कारण मध्ये धान्याचे उंच कोठार होते. शिवाय ती वेळ स्वयंपाकाची होती. कोण बाहेर बघतो?

बाराला थोडाच अवकाश असताना फळ्यावर बार्लोचा दिवा लागला. व्लास्ताने वायर खोचली. पलीकडे बार्लोची ऑपरेटर होती. तिने एवढेच सांगितले की चक्रीवादळ त्यांच्या स्टेशनावरून गेले आणि रेल्वेच्या रुळांवरूनच थेल्माकडे निघाले आहे. ती आणखी काहीतरी सांगत होती, पण वायर मुकी झाली.

व्लास्ताने ताबडतोब सगळ्या लाइनींवर लांब घंटी दिली. लांब घंटी म्हणजे सगळ्यांनी फोन उचला. पण मित्रांनो, रोज याच वेळी लांब घंटी देऊन ती धान्याचे भाव सांगत असे. उकळते बटाटे सोडून भाव ऐकायला कोण येणार? दोन-तीन घरांनी उचलला. बाकीची घरे वाजत राहिली.

मग तिचा हात माझ्या बटणाकडे गेला.

मला तो हात खिडकीतून दिसत होता. बोट बटणाच्या वर थांबले होते. मला वाटले, आता मला सांगतील ते मी करीन, पण मला सांगा तरी. तेव्हा ती स्वतःशीच, पण स्पष्ट बोलली.

"बाराचा दिला तर पोरं रस्त्यावर येतील. आगीचा दिला तर सगळं गाव रस्त्यावर येईल."

शाळा पक्क्या विटांची होती आणि तिच्याखाली कोळशाचे तळघर होते. शाळेपासून घरांपर्यंतचा रस्ता मात्र मोकळा होता. माझा एक सूर निघाला असता तर ब्रेक्के मास्तरांनी दार उघडले असते आणि सगळी मुले त्या रस्त्यावर आली असती.

"आणि लुमीर," ती म्हणाली.

लुमीर उत्तरेच्या शेतात होता. माझा सूर ऐकला की तो घरी जाई, आणि घराखाली तळघर होते. सूर नाही ऐकला तर तो उघड्या शेतात काम करत राहणार होता. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. ही गोष्ट तिच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

तिने हात मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"गप्प बस," ती म्हणाली. हे ती मला म्हणाली की स्वतःला, ते मला आजवर कळलेले नाही.

बारा वाजले. मी वाजलो नाही.

तुम्हाला ते कसे सांगू? सगळ्या आयुष्यात मला एकच भीती होती की मी वाजायला हवा तेव्हा वाजणार नाही. आणि आता तेच घडत होते. रोज माझ्याबरोबर रडणारी कुत्री वेळ झाली म्हणून उठून उभी राहिली, माना वर केल्या आणि तशीच थांबली. मग ती एकमेकांकडे बघू लागली. कोठारावरच्या माणसांनी टोप्या घातल्या आणि काढल्या. शाळेत एक मुलगी म्हणाली की घड्याळात बारा वाजून गेले. मास्तर म्हणाले, बसा. पण त्यांच्याही कपाळाला आठी पडली.

मग एक दार उघडले. तोमान बाई ओले हात पुसत ओट्यावर आल्या. समोरचे दार उघडले. मग त्याच्या बाजूचे. आगीच्या सुराला लोक रस्त्यावर धावत, तसे आता कोणी धावले नाही. प्रत्येक जण आपापल्या दारात आला आणि थांबला, कारण कुठे धावायचे हे कोणी सांगितले नव्हते. सगळ्यांनी फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी बसवला गेलो तेव्हापासून माझ्याकडे असे कोणी बघितले नव्हते. माझा आवाज ऐकायचे, मला कोण बघतो?

आणि माझ्याकडे बघितले, तेव्हा माझ्या मागचे आकाश त्यांना दिसले.

त्याच क्षणी फळ्यावरचे दिवे भराभर लागू लागले. भोंगा का वाजला नाही हे विचारायला साऱ्या गावाने एकदम फोन उचलले होते. व्लास्ताने हाताला येतील तेवढ्या वायरी खोचल्या आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "चक्रीवादळ येतंय. तळघरात जा. आत्ता." आणि मग, तितकाच शांत आवाज ठेवण्याचा प्रयत्न करत, "लुमीर कोणाला दिसला का?"

कोणाला दिसला नव्हता.

शाळेच्या पायरीवर ब्रेक्के मास्तर आले होते. भोंग्याला काय झाले ते बघायला ते जन्मात पहिल्यांदा वर्ग सोडून बाहेर आले होते. त्यांनी वर पाहिले आणि आत धावले. त्यानंतर मुलांची रांग तळघराच्या जिन्याने खाली जाताना मला खिडक्यांमधून दिसली. तोपर्यंत माझा खांब वाकायला लागला होता.

पुढचे मला नीट आठवत नाही. मी उडालो, एवढे आठवते. मक्याच्या ओल्या शेतात मी तोंड खाली करून पडलो होतो; बाकीचे मी नंतर ऐकले. कोठार आडवे झाले होते. चर्चचा कळस सापडला नाही, तो अजूनही सापडलेला नाही. शाळेचे छप्पर गेले आणि वर्गातली बाके गावभर पसरली. मुले कोळशाने काळी होऊन तळघरातून बाहेर आली. सगळी आली. मास्तर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होते.

वादळ ओसरताच व्लास्ता रस्ता सोडून शेतांतून उत्तरेला पळत गेली. लुमीर तिला संध्याकाळी सापडला, रस्त्याखालच्या पाण्याच्या मोठ्या नळात. भूक लागली तरी सूर का येत नाही म्हणून शिव्या देत तोही गावाकडे बघत उभा राहिला होता, आणि त्याला ते दिसले होते. नळात शिरता शिरता उडून आलेले ट्रॅक्टरचे चाक त्याच्या पायावर पडले. बहीण नळात डोकावली तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"आज जेवण नाही का?" त्याने विचारले.

व्लास्ता चिखलात बसली आणि रडली. हे मला लुमीरनेच पुढे कित्येकदा सांगितले. म्हणजे मला नाही, खिडकीखाली थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. मी ऐकले.

त्याचा पाय पुन्हा नीट झाला नाही. त्याने शेती सोडली आणि नव्या कोठारावर वजनकाट्याचे काम धरले. रोज दुपारी तो लंगडत टेलिफोनच्या खोलीत येई, कारण जेवण बहिणीच्या डब्यातले असे. ती बटण दाबी, मी वाजे आणि तो म्हणे, "आज बोलावलंस वाटतं." ती त्याला पहिले ताट वाढी.

मला शेतातून उचलून, ठोकून, लाल रंग देऊन पुन्हा बसवले. या वेळी पोस्टाच्या शेजारी, आगीचा बंब ठेवतात त्या घराच्या छपरावर. लोक म्हणत, भोंगा वाजला नाही म्हणून वाचलो. मग हसत. ती शाबासकी होती की थट्टा, हे मला ठरवता आले नाही. न वाजण्याबद्दल कौतुक झालेला भोंगा दुसरा कोणी असेल असे वाटत नाही. पण रात्री वारा सुटला की माझ्या मनात एकच विचार येई. लोक दारात आलेच नसते तर? लुमीरने मान वळवलीच नसती तर?

पुढची वर्षे भराभर गेली, किंवा मला तशी वाटली. नंबर फिरवायचे फोन आले आणि टेलिफोनची खोली बंद झाली. माझे बटण दाबायला एक यंत्र बसवले. व्लास्ता माझ्या समोरच्याच लहान घरात राहायला आली. रेल्वे बंद झाली, रूळ उखडले. शाळा तालुक्याच्या शाळेत मिसळली आणि मुले पिवळ्या बसने जाऊ लागली. ब्रेक्के मास्तर गेले. नाचघराचे गोदाम झाले. वादळासाठी पाण्याच्या टाकीवर एक नवा भोंगा बसला. त्याला तिसरा सूर येतो. तो तालुक्याहून चालतो आणि चुकत नाही, असे म्हणतात. आग विझवणाऱ्यांच्या खिशात छोटी यंत्रे आली. माझ्याकडे फक्त बाराचा सूर उरला. लुमीर गेला त्या दिवशीही मी बाराला वाजलो. त्या दिवशी समोरच्या घरात ताट कोणाला वाढले असेल, हा विचार मी करायला नको होता.

मग तालुक्याला मांसाचा कारखाना निघाला आणि थेल्मातल्या रिकाम्या घरांत नवी माणसे आली. व्लास्ताच्या शेजारी येसेनिया रोब्लेदो आली. ती कारखान्यात रात्रपाळी करी, दिवसा तान्ह्या मुलीला कुशीत घेऊन झोपे, आणि मी बाराला दोघींना उठवी. मुलगी मग संध्याकाळपर्यंत रडे. मला ते ऐकू येई. मी आवाज लहान करू शकत नव्हतो.

येसेनिया गावाच्या सभेत आली. कागदासारखा पांढरा चेहरा, डोळ्यांखाली काळे. दुपारचा भोंगा बंद करता येईल का, एवढेच तिने हळू विचारले. म्हातारी मंडळी कुरकुरली. एकाने विचारले, मग आम्ही जेवायचं कधी? त्याच्या बायकोने सगळ्यांसमोर सांगितले की याचं पोट अकरालाच वाजतं, याला भोंगा कशाला? लोक हसले, पण प्रश्न सुटला नाही. सगळे व्लास्ताकडे बघू लागले. तिच्याएवढा हक्क कोणाचाच नव्हता. मला वाटले, ती नाही म्हणेल. खरे सांगतो, तिने नाही म्हणावे असे मला फार वाटत होते.

"झोपू द्या पोरीला," व्लास्ता म्हणाली. "तो गप्प राहिला म्हणून काही बिघडत नाही. बघणारं कोणीतरी पाहिजे."

सभा सुटल्यावर ती माझ्याच खाली, बंबाच्या दाराशी, येसेनियाशी बोलत उभी राहिली. तिने तिला त्या दुपारची सगळी गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "मी रोज सकाळी उठले की पुढच्या खिडकीचा पडदा वर करते. तू कामावरून येतेस तेव्हा तेवढं बघत जा. वर असला तर झोप खुशाल."

"आणि खाली असला तर, दोन्या व्लास्ता?" थोरल्या बाईंना ती आपल्या भाषेत आदराने दोन्या म्हणे.

"तर मला शिव्या देत दार वाजव."

त्या दिवसापासून मी बंद आहे. आता याला उतरवून भंगारात द्यावा, असे कोणीतरी म्हणाले. ते पुढच्या सभेत ठरणार आहे. मी रोज सकाळी तो पडदा बघू लागलो, दुसरे काम नव्हते. पडदा वर जाई. येसेनियाची गाडी येई. ती उतरून मान वळवी, बघे आणि आत जाई. मला बरे वाटे.

गेल्या शरदातल्या एका सकाळी पडदा वर गेला नाही.

उजाडले. दव उतरले. पोस्टाची गाडी येऊन गेली. पडदा खालीच. मी स्वतःला समजावले की ती म्हातारी आहे, झोप लागली असेल. येसेनियाची गाडी वळली. ती उतरली. तिचे पाय जड होते, डोळे अर्धे मिटलेले. ती पायऱ्या चढली आणि तिने बघितले नाही. दार लागले.

मित्रांनो, मी इतका मोठा आवाज घेऊन जन्मलो आणि मला कण्हतासुद्धा येईना. बटण खाली भिंतीवर होते, यंत्राची वायर काढलेली होती आणि रस्त्यावर कोणी नव्हते. मला पुन्हा ती दुपार आठवली. तेव्हा निदान दारे उघडली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग येसेनियाचे दार उघडले. ती मोजे घालूनच बाहेर आली, अंगात अजून कारखान्याचा पांढरा डगला. ती खिडकीकडे बघत उभी राहिली. मग पळाली. दार वाजवले, हाक मारली, खिडकीच्या काचेला डोळे लावले. दार आतून बंद होते. तिने फोनवर रुग्णवाहिका बोलावली, पण ती तालुक्याहून येणार होती. तेव्हा ती वळली आणि माझ्याकडे धावत आली. लाल बटणावर तिने तळहात दाबून धरला. चढ-उतार तिला माहीत नव्हता. तिने नुसता दाबून धरला.

मी वाजलो. गंजलेले चाक खरखरले, आणि मग सूर चढला, एक, लांब, सरळ. जेवायला या. तेही सकाळी, नाश्त्याच्या वेळी.

शब्द चुकला होता, वेळ चुकली होती. आणि म्हणूनच दारे उघडली. हातात कॉफीचे पेले घेऊन माणसे ओट्यांवर आली आणि माझ्याकडे बघू लागली. माझ्याखाली येसेनिया मोज्यांत उभी राहून खिडकीकडे बोट दाखवत होती. ते सगळे धावले. दार तोडले. व्लास्ता तळघराच्या जिन्यावर पडलेली सापडली, कमरेचे हाड मोडलेले, अंग गार, पण जिवंत.

रुग्णवाहिका आल्यावर तिला स्ट्रेचरवरून बाहेर आणले, तेव्हा माझा सूर कधीच उतरला होता. तिने डोळे उघडले आणि छपराकडे बघितले.

"आज जेवण लवकर?" ती म्हणाली.

मित्रांनो, आता माझी विनंती. मला रंग द्या किंवा तेल घाला असे मी म्हणणार नाही. मला भंगारात द्यायचे तर द्या. पण तुमच्याही गल्लीत कोणीतरी रोज एक दिवा लावत असेल, रोज अंगण झाडत असेल, रोज एका ठरलेल्या वेळी खोकत असेल. त्यांची तुम्हाला सवय झाली असेल. एखाद्या दिवशी ते झाले नाही, तर घरात बसू नका. दार उघडून बघा. ओरडणाऱ्याकडे सगळेच बघतात. जो गप्प झाला आहे त्याच्याकडे बघायला कोणीतरी लागते. मी हे बरोबर सांगितले का, कोणास ठाऊक.

व्लास्ता हिवाळा संपताना काठी घेऊन घरी परतली. तिला आता उठायला वेळ लागतो. आत्ता हे सांगत असताना उजाडले आहे आणि समोरचा पडदा अजून खाली आहे. येसेनियाची गाडी वळली आहे. ती उतरली. तिने मान वळवली. ती आत गेली नाही, पायरीवर थांबली आहे, आणि मीही थांबलो आहे.

पडदा हलला. वर जातो आहे, हळूहळू, थोडा तिरका.